देव्हाऱ्यातल्या चकतीचा शोध

वाईला माझ्या ओळखीचे एक जुने घर आहे. घरातले कर्ते गृहस्थ आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांच्या देव्हाऱ्यात कुलस्वामिनीच्या टाकाशेजारी चांदीची एक गोल चकती असते. दसऱ्याला शस्त्रांबरोबर तिचीही पूजा होते. लहानपणापासून मी तिची हकिकत ऐकत आलो होतो. ती अशी : घराण्यातील एका पूर्वजाने बोरघाटात इंग्रजांशी लढताना शौर्य गाजवले, म्हणून खुद्द नाना फडणविसांनी हे पदक दिले आणि त्यावर भवानी कोरवली. मेणवली तिथून हाकेच्या अंतरावर, तेव्हा नानांचे नाव निघाले की कुणाला शंका येत नसे.

काकांच्या नातीने घराण्याचा वृत्तांत छापायचे मनावर घेतले आणि पदकाचे टिपण लिहायचे काम माझ्याकडे आले. मी नाणी पाहणारा माणूस. पदकांशी माझा संबंध बेताचाच. पण काकांनी चकती सोवळ्याच्या कपड्यातून काढून माझ्या हातावर ठेवली, आणि पहिल्याच क्षणी मनात किंतू आला.

मराठेशाहीत पराक्रमाचा गौरव कसा होई, हे दप्तरांतून पुरेसे स्पष्ट आहे. वस्त्रे, शेला-पागोटे, शिरपेच, सोन्याची कडी, तोडे, घोडा, पालखीचा मान, अबदागीर, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे इनाम जमीन किंवा गाव. ठशाने पाडलेली, गळ्यात घालायची धातूची चकती या यादीत बसत नाही. तो रिवाज युरोपातला. म्हणजे ही वस्तू मुळात मराठी दरबारची नसावी. पण एवढ्यावरून ती कुणाची, हे ठरत नव्हते.

लष्करी पदक हाती आले की जाणकार आधी त्याची कड पाहतात. ब्रिटिश पदकांच्या कडेवर बहुधा शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि तेवढ्यावरून माणूस सापडतो. या चकतीची कड भिंगाखाली पूर्ण फिरवून पाहिली. एक अक्षरही नाही. कानशीने घासून नाव काढल्याची खूणही नाही. नाव होते आणि गेले, असे नव्हते. ते कधी घातलेच नव्हते.

हा अभावही एक पुरावा असतो. सर्व दर्जांच्या सैनिकांना नाव घालून पदक देण्याची ब्रिटिश प्रथा वॉटर्लूच्या पदकापासून, म्हणजे १८१६ च्या सुमारास सुरू झाली. पुढच्या काळातही बिननावाची पदके आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपल्या सैनिकांना दिलेल्या ताऱ्यांवर नाव नसते. हिंदी सैनिकांना दिलेल्या ताऱ्यांवर मात्र ते घातले जाई. शिवाय अशा पदकांवर राजाची मुद्रा किंवा इंग्रजी अक्षरे असतात. आमच्या चकतीवर राजा नव्हता, राणी नव्हती, इंग्रजीचे एक अक्षर नव्हते. शोध आपोआप मागे, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात सरकला.

आता चित्र. एक स्त्री बसलेली आहे. पिढ्यान् पिढ्यांच्या कुंकवाने आणि चिंचेने घासण्याने तिचा चेहरा पुसट झाला आहे. पण ती सिंहावर बसलेली नाही, तिला आठ हातही नाहीत. तिच्याखाली आहे ती शस्त्रांची रास. तिचा उजवा हात पुढे आला आहे, हातात पानांचे कडे आहे, आणि समोर एक किल्ला. घरची समजूत अशी, की भवानी किल्ल्याला हार घालते आहे. किल्ल्यावरच्या निशाणाला सगळे भगवा झेंडा म्हणत. मी भिंग लावले. निशाणावर एकमेकांना छेदणाऱ्या रेघांचा माग होता. तो इंग्रजांचा झेंडा होता, आणि ती स्त्री म्हणजे ब्रिटनचे मूर्त रूप मानली जाणारी ब्रिटानिया होती.

मी काही बोललो नाही. चकतीचा फोटो घेतला, माप घेतले : व्यास ३२ मिलिमीटर. मागच्या बाजूला फारसी मजकूर होता, मध्ये आणि कडेने गोलाकार. तो एका निवृत्त फारसीच्या प्राध्यापकांना दाखवला. त्यांना सगळे वाचता आले नाही, पण जे आले ते पुरेसे होते : हिंदुस्थान, दख्खन, इंग्रजांचे नाव, कलकत्ता, आणि आकड्यांत हिजरी ११९९. हे वर्ष १७८४ च्या नोव्हेंबरात सुरू होते.

इथे कोडे सुटले. पदकांच्या सूचीत याला ‘डेक्कन मेडल’ म्हणतात. कंपनीने आपल्या हिंदी शिपायांना दिलेल्या पदकांच्या मालिकेत ते पहिले मानले जाते. ते कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडले गेले, सोन्यात आणि चांदीत, आणि दोन आकारांत : मोठे सुमारे ४० मिलिमीटरचे, लहान ३२ चे. सोने वरच्या हुद्द्यांसाठी, साध्या शिपायाला लहान चांदीचे. पिवळ्या रेशमी दोऱ्यात ओवून ते गळ्यात घालत. कुणाचेही नाव त्यावर घातले गेले नाही. मागच्या मजकुराचा आशय असा, की ज्यांच्या शौर्याने हिंदुस्थानापासून दख्खनपर्यंत इंग्रजांचे नाव उंचावले, त्यांच्या उत्तम सेवेची आठवण म्हणून कलकत्त्याच्या सरकारने हे दिले. नाव उंचावले ते इंग्रजांचे. ज्याने उंचावले त्याचे नाव लिहायची कुणाला गरज वाटली नाही.

ती सेवा कोणती, हे सांगायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही. १७७५ मध्ये राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. दादांना पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईची फौज घाट चढून आली. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला. आपल्या लोकांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणून ध्यानात ठेवले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना शरणागतीचा करार करावा लागला.

मुंबईकरांच्या मदतीला कलकत्त्याहून गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने जी फौज धाडली, तिचीच ही चकती. सहा पलटणी, सहा हजारांवर हिंदी शिपाई. १७७८ च्या उन्हाळ्यात काल्पीजवळ त्यांनी यमुना ओलांडली. बुंदेलखंडातच सेनापती लेस्ली वारला आणि गॉडार्डने सूत्रे घेतली. बुऱ्हाणपुराला पोहोचेपर्यंत वडगावचा निकाल लागून गेला होता. तिथून गॉडार्डने सुरतेकडे धाव घेतली आणि फेब्रुवारी १७७९ च्या अखेरीस ती गाठली. पुढच्या वर्षी, १७८० मध्ये, फेब्रुवारीत अहमदाबाद घेतले आणि डिसेंबरात वसई. १७८१ च्या आरंभी तो बोरघाटात आला, पण हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांनी त्याला पुढे सरकू दिले नाही. एप्रिलमध्ये मोठे नुकसान सोसून तो पनवेलला मागे हटला. मे १७८२ मध्ये सालबाईचा तह ठरला, नानांनी तो १७८३ मध्ये मान्य केला, आणि १७८४ मध्ये ते शिपाई बंगालकडे परतले. म्हणजे सहा वर्षांनी.

आता काकांच्या हकिकतीकडे पुन्हा पाहा. युद्ध तेच, बोरघाट तोच, काळ तोच. फक्त बाजू उलटी. हे निव्वळ योगायोगाने जुळले, असे मला वाटत नाही. घरातल्या कुणा फारसी जाणणाऱ्या पूर्वजाने मागचे ‘दख्खन’ आणि सन वाचले असणार, त्या सालांत इंग्रजांशी लढाई झाली हे त्याला ठाऊक असणार, आणि उरलेली जागा अभिमानाने भरून काढली असणार. वस्तूवर नाव नसले की जवळचे नाव तिला चिकटते.

पण गंगाकाठच्या शिपायाचे पदक कृष्णाकाठी आले कसे? आधी ते अस्सल आहे का, हे पाहिले. ओतीव नकलेवर बारीक खड्डे दिसतात आणि अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोल होतात. इथे झिजेतून वाचलेली अक्षरे धारदार होती, ती ठशाचीच. मग नातीबरोबर घरचे मोडी रुमाल सोडले. या घराण्याची एक शाखा काशीला राहून देवघेवीचा व्यवहार करी, हे माहीत होते. शके १७५२ च्या, म्हणजे १८३० च्या, भावाभावांतल्या वाटणीची एक यादी निघाली. तांब्याची भांडी, शालजोड्या, पोथ्या, आणि शेवटी न सोडवलेल्या गहाणाच्या वस्तू. त्यांत फारसी अक्षरांची एक रुप्याची चकती होती. नानांचे नाव नाही, भवानीचा उल्लेख नाही. गहाण ठेवणाऱ्याचेही नाव नाही, कारण वाटणीच्या यादीत त्याची जरुरी नव्हती.

कंपनीच्या बंगाली पलटणींत काशी, अवध आणि भोजपूरकडचे तरुण मोठ्या संख्येने असत. त्यांतलाच कुणी एक सहा वर्षे चालला, वसईच्या तटाखाली उभा राहिला, बोरघाटातून मागे हटताना वाचला. गळ्यात चांदी घालून गावी परतला. आणि पुढे कधीतरी, त्याने किंवा त्याच्या मुलाने, ती चांदी मराठी सावकारापुढे ठेवली. सोडवायला कुणी आले नाही.

हे काकांना सांगायचे कसे, या विचारात मी पंधरा दिवस घालवले. टिपणात ‘पदकाचा नक्की उगम उपलब्ध नाही’ असे लिहून मोकळे होता आले असते. नातीने तसे सुचवलेही. पण मग मी भिंग तरी कशाला लावले? शेवटी भाद्रपदात जाऊन सगळे सांगितले : झेंडा, बाई, दख्खन, यादी. काका बराच वेळ चकती उलटसुलट करत राहिले. म्हणाले, “म्हणजे आमच्याविरुद्ध लढलेल्याचं.”

मी म्हटले, “हो. पण तोही इथलाच.”

“आणि आमच्याकडे गहाण.” पूर्वज इंग्रजांशी लढला नाही, यापेक्षा त्यांना हे जास्त लागले, असे मला दिसले.

सर्वपित्रीला नातीचा फोन आला. आजोबांनी तर्पणाच्या शेवटी, ज्यांना पाणी द्यायला कुणी नाही अशांसाठी द्यायचे पाणी देताना चकती समोर ठेवली होती. आता ती देव्हाऱ्यात नाही. कुलस्वामिनीची जागा कुलस्वामिनीला परत मिळाली आहे. चकती लाकडी पेटीत, वाटणीच्या यादीबरोबर ठेवली आहे, आणि पेटीच्या झाकणावर आतून काकांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे : डेक्कन मेडल, १७८४, एका शिपायाचे.