इन्फ्लेमेबल, फ्लेमेबल

इंग्रजीतील दोन विशेषणे. अर्थ एकच : चटकन पेट घेणारा, ज्वालाग्राही. मात्र रूपावरून ती परस्परविरुद्ध वाटतात आणि या गैरसमजात जिवाला धोका असतो. त्यामुळे व्याकरणकारांआधी अग्निसुरक्षेतील जाणकारांनीच हा प्रश्न हाती घेतला.

व्युत्पत्ती : दोन्हींचे मूळ लॅटिन ‘फ्लामा’, म्हणजे ज्वाला. ‘इन्फ्लेमेबल’ हा जुना शब्द ‘इन्फ्लामारे’ (पेटवणे) या क्रियापदावरून आला. त्यातील ‘इन्’ म्हणजे आत, मध्ये. ‘इन्व्हिजिबल’ (अदृश्य) या शब्दातील नकारार्थी ‘इन्’ निराळा. लॅटिनमध्येच हे दोन उपसर्ग दिसायला सारखे होते आणि इंग्रजीने ते तसेच उचलले. ‘इन्फ्लेमेशन’ (दाह) या वैद्यकीय संज्ञेतही पहिलाच ‘इन्’ आहे. ‘फ्लेमेबल’ ‘फ्लामारे’वरून, नोंद १८१३ पासून.

वापर : हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६६ मध्ये वर्णन केलेली ‘इन्फ्लेमेबल एअर’ म्हणजे आजचा हायड्रोजन. त्या काळी या शब्दाला प्रतिस्पर्धी नव्हता. पुढे पेट्रोलसारख्या द्रवांची वाहतूक वाढली. पिंपावरचा ‘इन्’ नकारार्थी समजून कोणी त्याजवळ काडी ओढेल, ही भीती खरी होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने ‘फ्लेमेबल’चा आग्रह धरला. ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनने १९५९ मध्ये तेच धोरण जाहीर केले. स्ट्रंक व व्हाइट यांच्या प्रसिद्ध शैलीपुस्तिकेने मात्र ही सवलत ज्वालाग्राही मालाचे ट्रक चालवणाऱ्यांपुरतीच ठेवली. इतरांनी जुना शब्द वापरावा, असे सुचवले. भाषाशुद्धीपेक्षा येथे सुरक्षिततेचा कौल अधिक ग्राह्य मानावा लागेल.

भारतात : १९५२ चा ‘इन्फ्लेमेबल सबस्टन्सेस अ‍ॅक्ट’ जुनेच रूप वापरतो. टँकरवरील ‘ज्वालाग्राही’ या मराठी शब्दात मात्र संदिग्धता नाही : ज्वाला ग्रहण करणारा.

‘कम्बस्टिबल’ : लॅटिन ‘कोम्बुरेरे’ (जाळून टाकणे) यावरून. सामान्य भाषेत ‘जळणारा’. अमेरिकी अग्निसंहितेत द्रवांपुरता काटेकोर भेद होता : ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने भडकते, ते ३७.८ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर ‘फ्लेमेबल’, तेवढे किंवा अधिक असेल तर ‘कम्बस्टिबल’.

लाक्षणिक अर्थ : भडक माथ्याच्या माणसाला ‘इन्फ्लेमेबल’च.

विरुद्धार्थी : ‘नॉन-फ्लेमेबल’. फ्रेंचमध्ये ‘इनिन्फ्लामाब्ल’.