एका पानाच्या दोन प्रती

गावोगावची वजनेमापे निराळी असली की बाजारात गरीब गिऱ्हाईकच नाडले जाते. जागतिक संगणकजाळ्याचा इतिहास पाहिला, तर हेच सत्य पुन्हा हाती लागते.

१९९३ च्या एप्रिलात जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेने टिम बर्नर्स-ली यांनी निर्मिलेले हे जाळे जगास विनामूल्य खुले केले. सामाईक नियम ठरविण्यासाठी बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये वेब कन्सॉर्शियम स्थापिले. परंतु व्यापारी चढाओढीला नियमांची वाट पाहण्याइतका धीर कोठला? १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १० दिवसांत जावास्क्रिप्ट भाषेचा पहिला नमुना रचला, आणि स्थिर पाने हालती-बोलती झाली. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तशीच भाषा जेस्क्रिप्ट या नावाने आणली. १९९७ मध्ये एक्मा या संस्थेने भाषेचे व्याकरण प्रमाणित केले खरे. पण व्याकरण एक झाले तरी वस्तूंची नावे दोन राहिली! पानाचा एखादा भाग हलवायचा, तर नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीत त्याला ‘लेयर्स’मधून हाक मारावी लागे, आणि इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीत ‘ऑल’मधून. पान लिहिणाऱ्याने एकच काम दोनदा करावे, नाही तर निम्म्या वाचकांना दाराबाहेर ठेवावे, अशी ही अवस्था होती. देवनागरी पानाबरोबर अक्षरांचे टंक पाठविण्याची युक्ती निघाली, तीही दोन ब्राउझरांसाठी दोन तऱ्हांची.

ऑक्टोबर १९९८ मध्ये कन्सॉर्शियमने ‘डॉम’ हे सामाईक मानक प्रसिद्ध केले. मग भांडण मिटले काय? मिटले, पण मानकाने नव्हे. एक प्रतिस्पर्धी खचला म्हणून. विजयी एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये निघाली, आणि सातवी थेट २००६ मध्ये! एकाधिकाराने एकरूपता दिली, परंतु प्रगती गोठविली. २००४ मध्ये फायरफॉक्स अवतरला. त्याच वर्षी अ‍ॅपल, मोझिला व ऑपेरा यांच्या मंडळींनी मानके पुढे नेण्यासाठी स्वतंत्र गट काढला. त्याचा कन्सॉर्शियमशी समेट झाला तो २०१९ मध्ये.

आज ऑपेरा आणि मायक्रोसॉफ्टचा एजदेखील गूगलच्या पुढाकाराने वाढलेल्या क्रोमियमवरच उभे आहेत. म्हणून इतिहासाचा इशारा ध्यानी ठेवावा. दुफळीत वाचक नाडला जातो आणि एकाधिकारातही नाडला जातो. माप सर्वांचे असावे, आणि ते तपासून पाहणारे हात अनेक असावेत.