आजीची तलवार आणि रघोजींची फिरंग

दिवाळीच्या सुटीत आम्ही भावंडे कळंबला आजोळी जमत असू. रात्री पणत्यांतले तेल आटत आले, फुलबाज्यांचा धूर ओसरला, की ओसरीवर सतरंज्या पडत आणि आजीची गोष्ट सुरू होई. तिच्या पोतडीत गोष्टी पुष्कळ होत्या, पण आम्हांला हवी असे ती तलवारीची. राक्षसाच्या खुंटीवर एक तलवार टांगलेली असते. जिच्या हाती ती, त्याची हार नाही. राजपुत्र ती पळवून आणतो, राज्य मिळवितो. पुढे त्याचा नातू जुगारात बुडतो आणि कर्जापायी ती वाण्याला देतो. वाणी काय करणार? तो तिचा दाराला अडसर करतो! मग एके दिवशी एक गुराखी दुकानाशी येतो, सहज अडसर उचलतो आणि घरभर उजेड पडतो.

“मंग आजी, ते तलवार आता कोनापाशी हाये?” हा प्रश्न दरवर्षी ठरलेला.

“असन कोनापाशी,” आजी म्हणे. “तलवार कोठी जाते बाप्पा? मानसंच जातात.”

कळंब हे गाव असल्या गोष्टींना फार अनुकूल. यवतमाळहून नागपूरला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव चिंतामणी गणपतीसाठी प्रसिद्ध आहे. देऊळ जमिनीच्या पातळीखाली. पायऱ्या उतरून कुंडाशी जावे लागते. गौतमाच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने येथे तप केले, गणेशाने भूमीवर अंकुश मारला आणि पाणी उसळले, अशी येथली कथा. म्हणजे आमच्या गावाचे पाणीच मुळी शस्त्राच्या टोकातून निघाले! बारा वर्षांनी हे पाणी चढून देवाच्या पायांना लागते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. लहानपणी इंद्राचे वज्र, गणेशाचा अंकुश आणि राक्षसाची तलवार ही तिन्ही आमच्या डोक्यात एकाच खुंटीवर टांगलेली असत.

मोठेपणी थोडाफार इतिहास वाचला, तेव्हा कळले की कळंब गोष्टींतच नाही, कागदांतही आहे. अकबराच्या वेळच्या ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची जी सरकारे दिली आहेत, त्यांत कळंबचे नाव आहे. पण तलवारीचा धागा मला सापडला तो कळंबात नव्हे, याच जिल्ह्यातल्या भाम या गावी.

यवतमाळच्या दक्षिणेस, अडाण नदीच्या अंगाला उंचवट्यावर भाम होते. ‘होते’ असेच म्हणावे लागते, कारण जुन्या वैभवाची तेथे पडझडच उरली. येथे कान्होजी भोसल्यांचे ठाणे होते. शाहू महाराजांनी कान्होजींचे वडील परसोजी यांना ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब दिला होता. तो कान्होजींकडे आला. पुढे सातारा दरबाराशी त्यांचे बिनसले. तेव्हा शाहू महाराजांनी त्यांच्यावर पाठविले कोणाला? नात्याने त्यांचेच पुतणे, रघोजी भोसले! १७३० च्या सुमारास रघोजींनी भामला वेढा दिला. कान्होजी निसटले, पण वणीजवळ मंदर येथे गाठले गेले. त्यांचे पुढले आयुष्य साताऱ्यास कैदेत गेले आणि किताब रघोजींचा झाला. चुलत्याकडून पुतण्याकडे जी वस्तू अशी आली, ती तलवार नव्हती, नुसता एक शब्द होता. पण त्या शब्दासाठी वेढे पडले, माणसे मेली. त्याला जादू म्हणायचे नाही, तर कशाला?

हेच रघोजी पुढे नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक झाले. १७४० मध्ये ते कर्नाटकात उतरले, अर्काटचा नवाब दोस्त अली लढाईत पडला, आणि १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबाला त्यांनी कैद केले. मग बंगालच्या स्वाऱ्या. १७४४ मध्ये त्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांना अलीवर्दीखानाने भेटीस बोलावून दग्याने मारले, तरी रघोजींनी तो नाद सोडला नाही. १७५१ च्या तहाने ओरिसा हाती आला आणि बंगालची १२ लाखांची चौथ ठरली. (बंगाल्यात मात्र या स्वाऱ्यांची आठवण आया अजून मुलांना निजविताना काढतात, आणि ती प्रेमाची नव्हे. आपल्या अभिमानाच्या गोष्टी दुसऱ्याच्या घरी भयकथा असतात, हे दिवाळीच्या दिवसांतही विसरू नये.) १७५५ मध्ये रघोजी वारले.

आता तलवारीकडे येऊ. एप्रिल २०२५ च्या अखेरीस बातमी आली की लंडनला सॉदबीज या लिलावगृहात रघोजी भोसल्यांची तलवार विक्रीस निघाली आहे. हाती वेळ जवळजवळ नव्हता. सरकारला थेट बोली लावणे अवघड, म्हणून महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती घेतली. वाहतूक आणि विमा धरून खर्च ४७ लाख १५ हजार रुपये. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत आली.

ही तलवार नीट पाहिली तर ती स्वतःच एक गोष्ट आहे. पाते सरळ, एकधारी, आणि युरोपात घडलेले. अशा तलवारीला आपल्याकडे ‘फिरंग’ म्हणत. फिरंगी लोकांच्या गलबतांतून ही पाती किनाऱ्याला उतरत, आणि त्यांना मूठ बसविली जाई ती आपल्या कारागिराकडून. या तलवारीची मूठ मुल्हेरी घाटाची आहे. बागलाणातल्या मुल्हेरचे हे मुठीचे वळण नावाजलेले. मुठीवर सोन्याची कोफ्तगारी आहे, हात टेकतो त्या गादीला हिरवे कापड लावले आहे. आणि पात्याच्या पाठीवर, तळाशी, सोन्याच्या देवनागरी अक्षरांत लिहिले आहे : ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’.

भामच्या वेढ्याने जो शब्द रघोजींचा झाला, तोच येथे पोलादावर बसला आहे. ही अक्षरे नसती, तर लंडनच्या त्या यादीत ही ‘एक मराठा तलवार’ म्हणून गेली असती आणि आपल्यापैकी कोणी मान वर करून पाहिले नसते.

राक्षसाच्या खुंटीवरून वाण्याच्या दाराला ती कशी गेली, हे आजी सांगत असे. नागपूरच्या तलवारीची ती मधली वाट कागदांत नाही. पण घर लुटले गेले ते कसे, हे ठाऊक आहे. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. आमचे कळंब त्यातच गेले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, डिसेंबरात नागपूर पडले. या धामधुमीत तलवार बाहेर गेली असावी, असा शासनाचा तर्क आहे. पण दुसरा प्रसंगही तितकाच काळा आहे. १८५३ मध्ये तिसरे रघोजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर कवडीमोलाने लिलावात गेले आणि जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला रवाना झाले. वृद्ध बांकाबाई संतापून म्हणाल्या की सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन. हे इंग्रज ग्रंथकारानेच नोंदवून ठेवले आहे. लिलावात घर फुटले आणि पावणेदोनशे वर्षांनी त्याच घराची एक वस्तू आपण लिलावातच पैसे मोजून घेतली. शासनाने ती घेतली हे उत्तमच केले. तरी ही आपलीच वस्तू आपण विकत घेतली, हे गिळताना आवंढा येतो.

येथे वाचकांच्या मनात भवानी तलवार आली असेल. ती यावीच. देवीने प्रत्यक्ष महाराजांना तलवार दिली, ही कथा कोणत्या मराठी घराला ठाऊक नाही? पण जुन्या परंपरेत एक साधी हकीकतही आहे : कोकणातल्या गोवलेकर सावंतांकडची एक उत्तम तलवार महाराजांनी ३०० होन देऊन घेतली आणि तिलाच भवानी नाव दिले. मला ही दोन्ही विधाने एकमेकांच्या आड येतात असे वाटत नाही. विकत घेतलेल्या तलवारीत देवी राहू शकत नाही, असे कोणी सांगितले?

अडचण निराळीच आहे. भवानीची कथा पक्की, पण तलवार कोणती, यावर एकमत नाही. सातारच्या राजघराण्यात एका तलवारीची भवानी म्हणून पूजा होते. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईस आला, तेव्हा कोल्हापूरचे वयाने लहान छत्रपती चौथे शिवाजी यांच्याकडून त्याला एक तलवार भेट गेली. ती इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. पुष्कळांनी तिलाच भवानी म्हटले. १९८० च्या सुमारास मुख्यमंत्री अंतुले यांनी ती आणण्याची घोषणा केली, तेव्हा महाराष्ट्र किती ढवळून निघाला, हे वडील मंडळींना आठवत असेल. पण कोल्हापूरच्या जुन्या दप्तरात त्या तलवारीचे नाव ‘जगदंबा’ असे आहे, असे अभ्यासकांनी दाखविले. व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या उसनवारीवर साताऱ्यास आली, तेव्हाही हीच कुरबुर. ती ग्रँट डफच्या घरातून आलेली, पण अफजलखानावर चाललेली तीच काय, हे सिद्ध करता येत नाही, असे ते संग्रहालयच सांगते.

म्हणजे भवानीला कथा आहे, वस्तू ठरत नाही. रघोजींच्या फिरंगेला वस्तू आहे, नाव आहे, पण कथा कोणी सांगत नाही. तिच्यावर पोवाडा नाही, कॅलेंडर नाही. आमच्याच जिल्ह्यात, भामपासून काही कोसांवर, शाळेतल्या दहा मुलांना विचारा, सेनासाहेबसुभा कोण? मी विचारून पाहिले आहे. एकाने विचार करून ‘नवा तहसीलदार’ असे सांगितले! हसू आले खरे, पण दोष त्याचा नव्हे. भवानी मागण्यात आम्ही वर्षे घालविली. विदर्भातल्या वाड्यांतून काय काय गेले, याची एक साधी यादी करावी असे मात्र आमच्या मनात आले नाही. ही तलवार लिलावाच्या यादीत वेळेवर दिसली म्हणून मिळाली. ज्यांच्यावर नाव नाही, त्या किती गेल्या असतील?

गेल्या दसऱ्याला खंडेनवमीस आजोळी गेलो होतो. देवघरापुढे विळे, कोयते, कुऱ्हाड आणि मामेभावाची मोटारसायकल यांना झेंडू वाहिलेला. त्याच्या धाकट्या मुलीला मी मोबाईलवर फिरंगेचे चित्र दाखविले. तिने अक्षरे जुळवत नाव वाचले, चित्र मोठे केले आणि बोट ठेवले ते सोन्यावर नाही, मुठीतल्या हिरव्या कापडावर.

“हे कोनं लावलं?” तिने विचारले.

रघोजींच्या शिलेखान्यातल्या कारागिराने, की तिकडे इंग्लंडात कोणा संग्रहवाल्याने? मी म्हणालो, “असन कोनी.” आणि मग तिला राक्षसाच्या खुंटीपासून गोष्ट सुरू करून दिली, कारण आजी आता नाही आणि वाण्याच्या दाराचा अडसर तिला अजून कोणी सांगितलेला नव्हता.