नाबोथचा मळा आणि खानदेशचे घाट

पवित्र शास्त्रातील पहिल्या राजे या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात जमिनीच्या अदलाबदलीची एक कथा आहे. इज्रेल गावी राजवाड्याला लागून नाबोथ नावाच्या गृहस्थाचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तेथे भाजीचा बाग करावयाचा होता. ईजबेल राणीचे कारस्थान, खोटे साक्षीदार आणि नाबोथवर झालेला दगडांचा वर्षाव आपणां सर्वांच्या स्मरणात असतो. परंतु कथेचा आरंभ अत्याचाराने होत नाही, सभ्य प्रस्तावाने होतो. राजा जमीन हिसकावून घेत नाही. या मळ्याच्या बदल्यात याहून चांगला मळा देतो, नको असेल तर रोख मोल देतो, असे तो म्हणतो. बाजाराच्या नियमाने पाहिले तर नाबोथचा फायदाच होता. तरीही तो नकार देतो, कारण ती जमीन त्याला वाडवडिलांकडून मिळालेला वारसा आहे आणि तो विकण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्याला वाटत नाही.

आज हा अध्याय आम्हांस आठवला तो एका प्रश्नामुळे. राखीव रानातून रस्ता न्यावयाचा झाला, किंवा धरणासाठी रान द्यावयाचे झाले, तर बदल्यात दुसरीकडे तेवढीच किंवा त्याहून अधिक जमीन मिळाली म्हणजे व्यवहार पूर्ण झाला काय? खानदेशाला हा प्रश्न नवा नाही. सातमाळा आणि सातपुडा या दोन डोंगररांगांच्या मध्ये वसलेल्या या भूमीने अशा अदलाबदली दोनशे वर्षे पाहिल्या आहेत. त्यांचा इतिहास समजून घेतल्यावाचून आजच्या प्रस्तावांचे वजन करणे कठीण आहे.

घाट आणि घाटाचे राखणदार

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. रस्ता आणि रान हे जन्माचे वैरी नव्हेत. चाळीसगावहून कन्नडकडे चढणारी वाट फार प्राचीन आहे. त्याच डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या काळातील हे बौद्ध विहार प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, येथून पश्चिमेच्या बंदरांकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाच्या आधाराने उभे राहिले. डोंगराच्या पायथ्याशी पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केला. त्याला मिळालेल्या दानाचा शके ११२८ चा शिलालेख प्रसिद्ध आहे आणि त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. व्यापारी, भिक्षू आणि विद्यार्थी त्या रानातून ये-जा करीत होते आणि रानही नांदत होते.

त्या वाटांची राखण भिल्ल करीत. घाटातून जाणाऱ्या मालावर काही हक्क घ्यावा आणि त्याबदली वाटसरूला सुखरूप पार करावे, अशी जुनी रीत होती. वाट ज्याच्या रानातून जाते त्याचा त्या वाटेत वाटा असतो, ही समजूत कोणत्याही कागदावाचून मान्य होती. राज्यकर्त्यांची घडी विस्कटली की हक्काची वसुली लुटीत बदलत असे, हेही तितकेच खरे. त्या काळाचे सोनेरी चित्र रंगविण्याचा आमचा हेतू नाही.

नांगराच्या बदल्यात रान

१८१८ साली पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती आला. प्रथम त्यांनी फौजा पाठवून भिल्लांना नमविण्याचा प्रयत्न केला. तो फसला, तेव्हा १८२५ पासून, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना, दुसरे धोरण आले. भिल्लांसाठी स्वतंत्र एजंट नेमण्यात आले, त्यांपैकी एक कन्नडच्या डोंगराळ मुलखासाठी होता. डोंगर सोडून खाली येणाऱ्याला जमीन, बैल आणि बियाणे यांसाठी तगाई व साऱ्यात सूट मिळू लागली. धरणगाव येथे जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभी केली आणि कालपरवापर्यंत बंडखोर ठरलेले तरुण तीत शिपाई झाले. कन्नडच्या घाटाला पुढे याच आउट्रमचे नाव मिळाले, लोकांच्या बोलण्यात तो औट्रम घाट झाला.

हे धोरण त्या काळाच्या मानाने शहाणपणाचे होते, हे कबूल केले पाहिजे. रक्तपात थांबला, अनेक कुटुंबे स्थिरावली. परंतु ही एक अदलाबदल होती आणि तिच्या हिशेबात एक बाजू कोरी राहिली. बदल्यात काय दिले ते दप्तरात नोंदले गेले, इतके बिघे, इतके बैल, इतकी तगाई. काय घेतले ते मात्र कोणी लिहिले नाही. भिल्लाची समजूत अशी की आपल्याला शेत मिळाले आणि रान तर आपले आहेच. सरकारची समजूत अशी की शेत दिले, आता रानाचा प्रश्न उरला नाही. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांच्या हद्दी आखण्याचा मार्ग मोकळा झाला आणि लाकूड, चराई, मोह, डिंक या नित्याच्या गोष्टींवर सरकारी बंधने आली.

रस्त्याच्या बाबतीत हाच प्रकार झाला. खाज्या नाईक हा सेंधव्याच्या घाटात मुंबई-आग्रा रस्त्याची राखण करण्यासाठी इंग्रजांच्या चाकरीत होता. वाडवडिलांच्या हक्काचा राखणदार पगारी नोकर झाला, म्हणजे साहेबाच्या मर्जीने ठेवता किंवा काढता येणारा माणूस झाला. १८५७ साली तो बंडात उतरला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणी येथे झालेल्या लढाईत अनेक भिल्ल मारले गेले, स्त्रियाही कैद झाल्या. बंडाची कारणे अनेक असतील, परंतु घाटाचा हक्क कोणाचा हा प्रश्न त्यांच्या मुळाशी होता, असे आम्हांस वाटते.

तळोद्याचे रान

स्वातंत्र्यानंतरची उदाहरणे अधिक जवळची आहेत. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली निवाडा दिला आणि सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील ३३ गावे जाणार हे निश्चित झाले. ही गावे अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील, त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातील. १ जुलै १९९८ पासून तो भाग नंदुरबार जिल्ह्यात आहे. जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व ठरले. हे तत्त्व न्याय्य होते, कारण पैसा चार वर्षांत संपतो आणि जमीन पिढ्यांना पुरते. पण जमीन आणावयाची कोठून? शासनाने तळोदा परिसरातील राखीव वनाकडे बोट दाखविले. केंद्र सरकारने १९९० मध्ये २७०० हेक्टर आणि पुढे १९९४ मध्ये आणखी १५०० हेक्टर वनजमीन पुनर्वसनासाठी मोकळी केली.

म्हणजे एक रान पाण्याखाली गेले आणि त्याची भरपाई करण्यासाठी दुसरे रान तोडले गेले. ते दुसरे रानही निर्मनुष्य नव्हते. आसपासच्या गावांतील आदिवासी तेथील काही जमीन आधीपासून कसत होते. कागदावर ते अतिक्रमक होते, म्हणून हिशेबात ते कोठेच नव्हते. एका गरिबाला न्याय देण्यासाठी दुसऱ्या गरिबाच्या ताटातील भाकर उचलली गेली आणि दोन आदिवासी समाज एकमेकांसमोर उभे राहिले. विस्थापितांपैकी कित्येकांनी कष्टाने शेती उभी केली, मुले शाळेत घातली, याचे मोल कमी नाही. तरीही मणिबेलीसारख्या गावाची नदी, मासळी, मोह आणि देवस्थाने कोणत्याही सातबाऱ्यावर लिहून देता आली नाहीत.

कायद्याचा तराजू

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९८० चा वनसंवर्धन कायदा यांनी मनमानीला मोठा आळा घातला. वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवावयाची तर केंद्राची मान्यता लागते. तेवढीच वनेतर जमीन देऊन तीवर झाडे लावावी, ती नसेल तर निकृष्ट वनजमिनीवर दुप्पट क्षेत्रात लावावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. अभयारण्यासाठी अटी अधिक कडक आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेलाही आवाज दिला. या कायद्यांबद्दल आपण कृतज्ञ असावे. पण हा तराजू क्षेत्रफळ मोजतो. रान हे क्षेत्रफळ नव्हे. साग रांगेने लावून वीस वर्षांत लाकूड मिळेल, पण ओढा, दरी, कपारीतील मधमाश्या आणि जनावरांच्या पायवाटा रोपवाटिकेतून आणता येत नाहीत.

औट्रम घाटाचेच पाहा. त्याच्या परिसरातील गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. मार्च २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून तेथे पोहोचला. शेते, गावे, महामार्ग ओलांडत तो आला, कारण रानाचे तुकडे अजून कोठे कोठे एकमेकांना जोडलेले आहेत. मधला एखादा दुवा तोडून त्याबदली दूरच्या तालुक्यात दुप्पट जमीन दिली, तर वहीतील बेरीज वाढेल आणि वाट मात्र बंद होईल.

आता दुसरी बाजू. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर अतिवृष्टीने घाटात दरडी कोसळल्या, खाली चाळीसगावात पूर आला. सोलापूर-धुळे महामार्गाची सारी भिस्त या वळणांवर होती. ऑगस्ट २०२३ पासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने घाटात जड वाहनांना बंदी झाली आणि मालमोटारींना दूरचा वळसा पडला. घाटाखालून बोगदा काढण्याची चर्चा अनेक वर्षांची आहे. चालक, शेतमाल नेणारा शेतकरी, रात्री रुग्ण घेऊन निघालेले कुटुंब हेही देवाचीच लेकरे आहेत. त्यांच्या अडचणीकडे डोळेझाक करणारे निसर्गप्रेम ख्रिस्ती म्हणता येणार नाही.

दूर अलास्कातही

हा पेच केवळ आपलाच नाही. अमेरिकेच्या अलास्का प्रांतात किंग कोव्ह नावाचे छोटे कोळीगाव आहे. वादळात तेथून रुग्ण हलविणे कठीण, म्हणून कोल्ड बेच्या विमानतळापर्यंत रस्ता हवा, अशी तेथील मूळ रहिवाशांची मागणी. मध्ये इझेम्बेक हे राखीव क्षेत्र आहे आणि त्याच्या खाजणातील सागरी गवतावर हजारो मैल उडणारे काळे समुद्री हंस दरवर्षी उतरतात. २००९ साली तेथील संसदेने अदलाबदलीला वाट करून दिली. रस्त्यासाठी सुमारे २०६ एकर जायचे आणि बदल्यात सुमारे ६१,००० एकर यावयाचे. इतका उदार मोबदला असूनही २०१३ मध्ये त्या खात्याच्या मंत्र्यांनी नकार दिला, कारण ते २०६ एकर म्हणजे नेमका गळ्याचा भाग होता. पुढे सरकारे बदलली तसतसा करार कधी जुळला, कधी मोडला. गंमत अशी की दूर उत्तरेला त्याच पक्ष्यांवर गुजराण करणाऱ्या दुसऱ्या आदिवासींनी रस्त्याला विरोध केला. तळोद्याचे चित्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा उमटले.

वजन कसे करावे

मग आपण काय म्हणावे? नाबोथप्रमाणे प्रत्येक वेळी नकारच द्यावा, असे आम्ही म्हणत नाही. अहाबाला भाजीचा बाग हवा होता, किंग कोव्हच्या आईला आजारी मुलासाठी डॉक्टर हवा आहे. या दोन गरजा एका मापाने मोजता येणार नाहीत. म्हणून पहिला प्रश्न गरजेचा असावा. ही कोणाची गरज आहे आणि ती जमीन न बदलता भागेल काय? नागपूर-जबलपूर महामार्ग पेंचच्या रानातून रुंद करताना वर्षानुवर्षे वाद झाला. अखेर सुमारे १६ किलोमीटरच्या टप्प्यात लहान पूल आणि भुयारी मार्ग मिळून नऊ वाटा जनावरांसाठी ठेवण्यात आल्या. वाघही त्या वापरतात, हे कॅमेऱ्यांनी दाखविले. उशीर झाला, खर्च वाढला, पण रस्ताही झाला आणि वाटही राहिली.

दुसरा प्रश्न, जे जाते ते पुन्हा निर्माण करता येते काय? येत असेल तर मोबदल्याची भाषा शोभते. येत नसेल तर एकराला दहा एकर दिले तरी तो मोबदला नव्हे.

तिसरा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांचे जाते, त्यांना विचारले काय? आणि बदल्यात जी जमीन येते, ती कोणाची होती? खानदेशातील प्रत्येक अदलाबदल येथेच अडखळली. देणारा आणि घेणारा कागदावर होते, तिसरा मात्र कागदाबाहेर राहिला.

लेवीय ग्रंथाची शिकवण अशी की भूमी अखेर परमेश्वराची आहे, आपण तिच्यावरील पाहुणे आहोत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पृथ्वीचे दुखणे आणि गरिबांचे दुखणे वेगळे नाही असे सांगितले, त्याचे मूळ याच शिकवणीत आहे. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबे अशा गावांत राहतात जेथे उद्या रस्त्याचा, धरणाचा किंवा वीजवाहिनीचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे येईल. त्या दिवशी घरी बसू नये. नकाशा मागून घ्यावा, बदल्यात मिळणारी जमीन पायी चालून पाहावी, तेथे आज कोण नांगर धरतो त्याच्याशी बोलावे आणि मगच हात वर करावा.