मागणी-नियंत्रित वायुवीजन

मागणी-नियंत्रित वायुवीजन ही इमारतीत घेतल्या जाणाऱ्या बाहेरील ताज्या हवेचे प्रमाण आतील माणसांच्या उपस्थितीनुसार कमीअधिक करण्याची पद्धत आहे. कार्यालये, सभागृहे, चित्रपटगृहे, विक्रीदालने अशा व्यावसायिक इमारतींत ती वापरली जाते. उपस्थितीचा अंदाज बहुधा कार्बन डायऑक्साइड वायूच्या संवेदकांवरून बांधला जातो. हवा आरोग्यदायी ठेवणे आणि वातानुकूलनाची ऊर्जा वाचवणे हे या पद्धतीचे दोन हेतू आहेत. संवेदक चुकल्यास दुसरा हेतू पहिल्याच्या मुळावर येऊ शकतो.

पार्श्वभूमी

जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये बंद खोलीतील हवेसाठी कार्बन डायऑक्साइडची ०.१ टक्का, म्हणजे दशलक्ष भागांत १,००० भाग (पीपीएम), ही मर्यादा सुचवली. एवढ्या प्रमाणातील हा वायू स्वतः अपायकारक आहे, असे त्यांचे म्हणणे नव्हते. माणसांच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या इतर द्रव्यांचा तो निदर्शक मानला गेला.

१९७३ च्या तेलसंकटानंतर ऊर्जाबचतीसाठी पाश्चात्त्य देशांत इमारती अधिक हवाबंद बांधल्या जाऊ लागल्या. अमेरिकेतील ‘ॲश्रे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने १९८१ च्या मानकात धूम्रपानरहित कार्यालयांसाठी प्रतिव्यक्ती सेकंदाला केवळ २.५ लिटर ताजी हवा पुरेशी मानली होती. याच काळात डोकेदुखी, थकवा, डोळ्यांची व घशाची जळजळ अशा तक्रारी वाढल्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये ‘रुग्ण इमारत लक्षणसमूह’ या नावाने त्यांची दखल घेतली. १९८९ च्या मानकात कार्यालयांसाठी हे प्रमाण १० लिटर करण्यात आले.

कार्यपद्धती

कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण शोषून घेतो. संवेदकातील दिव्याचे किरण हवेच्या नमुन्यातून जाताना किती क्षीण झाले, यावरून वायूचे प्रमाण कळते. हा संकेत इमारतीच्या नियंत्रण प्रणालीकडे जातो आणि त्यानुसार ताज्या हवेच्या नलिकेतील झडप उघडते किंवा मिटते, अथवा पंख्याची गती बदलते.

बाहेरील हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम, तर माणसाच्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के असतो. बैठे काम करणारी व्यक्ती सेकंदाला सुमारे ०.००५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते. तिला सेकंदाला १० लिटर ताजी हवा मिळत असेल, तर खोलीतील पातळी बाहेरच्यापेक्षा सुमारे ५०० पीपीएमने जास्त राहून स्थिरावते. खोली रिकामी असली तरी ताजी हवा पूर्णपणे बंद केली जात नाही. कारण रंग, गालिचे, फर्निचर व सफाईची रसायने यांतून बाष्पनशील सेंद्रिय संयुगे सतत बाहेर पडत असतात. यासाठी ‘ॲश्रे’च्या २००४ नंतरच्या मानकांत माणसांमागे एक आणि क्षेत्रफळामागे दुसरे अशी हवेची दोन प्रमाणे दिलेली आहेत.

संवेदकांच्या मर्यादा

संवेदक श्वसनाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे ०.९ ते १.८ मीटरवर बसवले जातात. खिडकीजवळ किंवा हवेच्या झोताखाली बसवलेला संवेदक कमी पातळी दाखवतो, तर कोणाच्या उच्छ्वासासमोर आलेला संवेदक जास्त.

अनेक संवेदक काही दिवसांतील सर्वांत कमी नोंद ही बाहेरील हवेची पातळी समजून स्वतःचे अंशशोधन करतात. रात्री रिकाम्या होणाऱ्या कार्यालयात हे गृहीतक टिकते. चोवीस तास चालणाऱ्या कॉल सेंटरमध्ये किंवा रुग्णालयात मात्र पातळी तेवढी कधीच उतरत नाही. परिणामी संवेदक वाढलेल्या पातळीलाच शुद्ध हवा समजू लागतो आणि माणसांना ताजी हवा कमी मिळते. काही स्वस्त उपकरणे कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्ष मोजत नाहीत. ती इतर वायूंवरून त्याचा अंदाज देतात. अशी उपकरणे वायुवीजनाच्या नियंत्रणासाठी विश्वसनीय ठरत नाहीत.

कार्बन डायऑक्साइडवरून सूक्ष्म धूलिकण, कार्बन मोनॉक्साइड किंवा फॉर्माल्डिहाइड यांचा बोध होत नाही. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत, गर्दी कमी असली तरी हवेचा पुरवठा घटू नये म्हणून ‘ॲश्रे’ने ही पद्धत तात्पुरती बंद ठेवण्याची शिफारस केली होती.

नियम

जपानमध्ये १९७० च्या इमारत स्वच्छता कायद्यानुसार ३,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या कार्यालयांत आणि दुकानांत हवेची नियतकालिक मोजणी बंधनकारक असून कार्बन डायऑक्साइडची मर्यादा १,००० पीपीएम आहे. भारतात ऊर्जा दक्षता ब्युरोच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत दाट गर्दीच्या मोठ्या जागांसाठी मागणी-नियंत्रित वायुवीजनाची तरतूद आहे.

भारतातील परिस्थिती

ताजी हवा म्हणजे स्वच्छ हवा, हे या पद्धतीमागील गृहीतक भारतीय शहरांत नेहमी खरे ठरत नाही. २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या धूलिकणांसाठी भारताचे २४ तासांचे मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ मायक्रोग्रॅम आहे. दिल्ली व उत्तर भारतात हिवाळ्यात बाहेरील पातळी याच्या कित्येक पट होते. अशा वेळी झडप उघडल्यास कार्बन डायऑक्साइड घटतो, पण योग्य गाळणी नसल्यास धूळ आत येते. म्हणून दोन्ही घटकांचे संवेदक एकत्र वापरणे आणि बाहेरील हवा सूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळण्यांतून घेणे आवश्यक ठरते. धूलिकण मोजणारे प्रकाशीय संवेदक दमट हवेत वाढीव आकडे दाखवू शकतात. त्यामुळे मुंबईसारख्या किनारी शहरांत पावसाळ्यातील नोंदींना आर्द्रतेनुसार दुरुस्ती लागते.

लहान कार्यालयांतील नेहमीचे स्प्लिट वातानुकूलक खोलीतीलच हवा थंड करून पुन्हा सोडतात. तेथे नियंत्रित करण्याजोगी झडपच नसते. संवेदक केवळ इशारा देऊ शकतो आणि खिडकी किंवा बहिर्वाही पंखा माणसालाच चालू करावा लागतो.