रिकामं कब्रस्तान

गेल्या शनिवारी खुलताबादचा नकाशा करायला बसलो. रविवारी घरच्यांबरोबर वेरूळला जायचं होतं, वाटेत तेही बघू म्हटलं. (सुट्टीतही तेच! काय करणार, सवय.)

खुलताबाद म्हणजे जुना रौझा. इथे मलिक अंबर आहे (मृत्यू 1626), औरंगजेब आहे (1707), सूफी संतांचे दर्गे आहेत आणि असंख्य निनावी थडगी. कब्रस्तानांत थडग्याच्या चिन्हाची नक्षी भरली आणि प्रिंट काढली. कडेची चिन्हं अर्धी कापलेली! आणि एका छोट्या कब्रस्तानात तर एकही चिन्ह नाही. बघणाऱ्याला वाटावं, मोकळी जमीन आहे.

हातानं नकाशे काढत तेव्हा हा प्रश्न नव्हता. सर्व्हे ऑफ इंडिया 1767 सालची. झाडं, दलदल काढणाऱ्याला सीमारेषा दिसायची, तिथे हात थांबायचा. जागा लहान असेल तर मधोमध एक चिन्ह काढता यायचं.

कॉम्प्युटरला ही अक्कल कुठली? विंडोजच्या जुन्या पद्धतीत तयार रेघांचे प्रकार मोजून सहा: आडव्या, उभ्या, दोन तिरप्या, दोन जाळ्या. त्याही पिक्सेलच्या हिशोबानं. म्हणजे स्क्रीनवर छान, 600 डीपीआयच्या प्रिंटरवर नुसता करडा रंग. मग आली फरशीची पद्धत. नक्षीचा एक चौकोन करायचा, तो शेजारी शेजारी मांडत जायचा आणि आकाराबाहेरचं कापून टाकायचं. काम झटपट, पण कात्रीला थडगं कळत नाही. आणि दोन चिन्हांमधल्या फटीत अख्खी जागा मावली, तर ती कोरीच राहते.

2002 मध्ये सुरू झालेल्या क्यूजीआयएस या मुक्त सॉफ्टवेअरच्या 3.24 आवृत्तीत (2022) यावर चांगले पर्याय आले. चिन्ह कापायचं, मध्यबिंदू आत असेल तरच काढायचं, की पूर्ण मावलं तरच, हे आपण ठरवायचं. मी शेवटचा पर्याय निवडला. कडा एकदम सुबक! छोटं कब्रस्तान मात्र रिकामंच. नियमाप्रमाणे बरोबरच होतं ते. शेवटी तिथे एक चिन्ह स्वतः ठेवलं. म्हणजे फिरून हातावरच आलो.

रविवारी औरंगजेबाची कबर पाहिली. वरून उघडी, नुसती माती. भोवतालची संगमरवरी जाळी पुष्कळ नंतरची. त्याचं नाव प्रत्येक नकाशात येतंच. बाकीच्यांना नाव नाही, त्यांची नोंद म्हणजे ही नक्षीच. ती गळली की माणसंही गळली.

असो. तुम्ही नकाशे करत असाल तर प्रिंटआधी लहान तुकडे एकदा डोळ्यांनी बघा.