देवगिरीचे ताल आणि ओलिव्हिए मेसियाँ

विसाव्या शतकातील फ्रेंच संगीतरचनाकार ओलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२) यांच्या लयविचाराचा माग काढू लागले की त्याचा एक धागा थेट तेराव्या शतकातील देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या दरबारात, जाऊन पोचतो. काश्मीरहून दक्षिणेत येऊन स्थिरावलेल्या घराण्यातील शार्ङ्गदेव हा त्या दरबारात श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख होता, आणि ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ त्याने तेथेच सिद्ध केला. त्यातील पाचव्या, म्हणजे तालाध्यायात जुन्या शास्त्राने घालून दिलेल्या मार्गतालांचे विवेचन आहे, आणि त्यानंतर लोकव्यवहारात रूढ असलेल्या १२० देशी तालांची लक्षणे दिली आहेत.

आज ताल म्हटला की सारख्या लांबीच्या मात्रांचे आवर्तन, त्यातील सम, टाळी आणि काल, आणि तबल्यावर वाजणारा ठेका डोळ्यांपुढे येतो. शार्ङ्गदेवाच्या देशी तालांची घडण मात्र निराळी आहे. तेथे द्रुत, द्रुताच्या दुप्पट लघू, लघूच्या दुप्पट गुरू आणि लघूच्या तिप्पट प्लुत अशी लहानमोठी कालमाने एकापुढे एक ठेवून ताल बांधला जातो, आणि एखाद्या कालमानाला ‘विराम’ जोडला की त्याची लांबी निम्म्याने वाढते. लय ही येथे एका मापाची विभागणी नसून असमान तुकड्यांची जुळणी आहे, आणि मेसियाँ यांना नेमके हेच हवे होते.

हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने १८९६-९७ मध्ये छापला. फ्रान्समध्ये भारतीय संगीतशास्त्राचा अभ्यास त्याच सुमारास ल्यों येथील झोआनी ग्रोसे करीत होते. भरताच्या नाट्यशास्त्राच्या आरंभीच्या अध्यायांची संपादित आवृत्ती त्यांनी १८९८ मध्ये काढली होती. पुढे लाविन्याक यांच्या संगीतविश्वकोशासाठी, ज्याचा पहिला खंड १९१३ मध्ये निघाला, ग्रोसे यांनी भारतावर दीर्घ लेख लिहिला आणि त्यात शार्ङ्गदेवाचे सगळे १२० देशी ताल पाश्चात्त्य स्वरलेखनात मांडून दिले. ही यादी मेसियाँ यांच्या हाती पडली, तेव्हा त्यांचे मन तिच्यासाठी जणू तयारच होते. आव्हिन्यों येथे जन्मलेले, कवयित्री सेसिल सोव्हाज आणि शेक्सपिअरचे भाषांतरकार पिएर मेसियाँ यांचे हे पुत्र वयाच्या अकराव्या वर्षी पॅरिसच्या काँझर्व्हातुआर या सरकारी संगीतविद्यालयात दाखल झाले होते, आणि तेथे मोरिस एमान्युएल यांच्याकडून ग्रीक छंदांतील दीर्घ-ऱ्हस्वांचा विचार त्यांच्या कानांवर आलेला होता.

रागवर्धन हा ताल जवळून पाहिला तर या भेटीचे मोल कळते. द्रुत, विरामयुक्त द्रुत, द्रुत आणि शेवटी प्लुत अशी त्याची रचना आहे. द्रुताला दोन एकके धरली तर २, ३, २ आणि १२ अशी ती मांडता येते. मेसियाँ यांनी हा क्रम उलटा केला आणि प्लुताचे तीन समान भाग पाडले, तेव्हा ४, ४, ४, २, ३, २ अशी आकृती मिळाली. तिच्या पहिल्या अर्ध्या भागाचा आक्रसलेला पडसाद म्हणजे दुसरा अर्धा भाग, पण मधल्या कालमानावर विरामाची जास्तीची भर पडल्यामुळे तो पडसाद तंतोतंत राहत नाही. शिवाय २, ३, २ हा तुकडा उलटसुलट वाचला तरी तोच राहतो. मेसियाँ यांच्या शैलीची ओळख बनलेल्या दोन कल्पना, म्हणजे लयीत बारीकशी भर घालणारे ‘अधिक मूल्य’ आणि उलटवता न येणारी लय, त्यांना या एका तालात एकत्र सापडल्या.

१९४० मध्ये जर्मन सैन्याच्या हाती लागलेले मेसियाँ ग्योर्लिट्स येथील युद्धकैद्यांच्या छावणीत होते, आणि ‘काळाच्या अंतासाठी चतुष्टय’ या त्यांच्या रचनेचा पहिला प्रयोग तेथेच १५ जानेवारी १९४१ रोजी कैदी व पहारेकऱ्यांपुढे झाला. व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि चेलो तीन सहबंदी वाजवीत होते, तर मेसियाँ स्वतः पट्ट्या अडकून बसणाऱ्या पियानोवर होते. या कृतीच्या पहिल्या भागात क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पक्ष्यांसारखी गातात आणि पियानो रागवर्धन, चंद्रकला व लक्ष्मीश हे तीन ताल जोडून झालेली सतरा कालमानांची साखळी पुन्हा पुन्हा वाजवतो. तिच्यावर एकोणतीस स्वरसंघांची, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहांची, दुसरी साखळी फिरत असते. सतरा आणि एकोणतीस यांना सामाईक विभाजक नसल्यामुळे दोन्ही साखळ्या ४९३ स्वरसंघांनंतरच पुन्हा एकत्र सुरू होऊ शकतात, आणि हा भाग त्याच्या फार आधी थांबतो. काळ संपल्याची देवदूताची घोषणा ज्या बायबलवचनात आहे, त्यावर आधारलेल्या कृतीला याहून नेमकी बांधणी क्वचितच मिळाली असती.

या प्रवासात काही हरवले, हेही मान्य केले पाहिजे. तालपरंपरेत काळ हातांनी मोजला जातो, सशब्द टाळीने आणि निःशब्द हस्तक्रियेने. मेसियाँ यांच्यापर्यंत पोचली ती मुख्यतः कागदावरची कालमाने. तरीही त्यांनी तालाचा विपर्यास केला असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण असमान कालमानांची जुळणी हे देशी तालांचे खरेखुरे अंग होते आणि आवर्तनाच्या सवयीमुळे आजच्या श्रोत्यालाही ते सहसा जाणवत नाही. १९४९ मध्ये बोस्टन येथे लेनर्ड बर्नस्टाइन यांनी प्रथम सादर केलेल्या दहा भागांच्या सिंफनीला मेसियाँ यांनी दिलेले ‘तुरंगलीला’ हे नावही याच यादीतील एका तालाचे आहे. काँझर्व्हातुआरमधील त्यांच्या वर्गात पिएर बुलेझ यांच्यासारख्या विद्यार्थ्यांनी या तालांचा अभ्यास केला, आणि मेसियाँ यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या सात खंडांच्या लयविषयक ग्रंथाच्या पहिल्याच खंडात शार्ङ्गदेवाच्या १२० तालांचे सविस्तर विवेचन आले.